गणतीत न आलेली माणसे

देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. 1956 साली निघालेली ही संस्था 1992-93 पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची धुरा वाहत आहे. घाटकोपर-मुलुंडकडील आपणां मंडळींपैकी फार थोड्यांनी तिचे फाटक पाहिले असेल. वर्तमानपत्रात बालमृत्यूचा दर येतो, ‘हजारी इतके’ असे आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या आकड्यासाठी कोणीतरी कोणाच्या तरी उंबऱ्याशी बसून, ‘बाई, तुझी मुले किती? त्यांतली हयात किती?’ असे विचारलेले असते, हे आपल्या ध्यानी येत नाही. हा प्रश्न विचारण्यात आणि त्याच्या उत्तराला जागण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. अभय बंग यांची हकिगत आज आम्हांला सांगावयाची आहे.

साथरोगशास्त्र म्हटले की मुंबईकराला 1896 चा प्लेग आठवतो. परंतु या शास्त्राचा प्रांत साथींपुरता नाही. कोणता रोग कोणाला होतो, कोठे होतो आणि का होतो, हे ते विचारते. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो : मग तो इतरांना का होत नाही? येथे वैद्यकाची हद्द संपून न्यायाची सुरू होते.

बंग यांचा जन्म 1950 सालचा. वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक व सर्वोदयाचे कार्यकर्ते. बालपण वर्धा-सेवाग्रामच्या वातावरणात गेले, वैद्यकीय शिक्षण नागपुरास झाले. 1980 च्या दशकाच्या आरंभी रोजगार हमीवरील मजुराला दिवसाकाठी 4 रुपये मजुरी ठरलेली होती. कष्ट करणाऱ्या देहाला अन्न किती लागते, त्याची किंमत काय होते, हा हिशेब या तरुण डॉक्टराने नव्याने मांडला आणि मजुरी 12 रुपये हवी असे दाखवून दिले. पुढे सरकारने ती वाढविली. औषधाच्या बाटलीने जे साधले नसते, ते एका त्रैराशिकाने साधले.

पुढे डॉ. राणी बंग व ते दोघेही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. परत आल्यावर 1986 साली त्यांनी कार्यक्षेत्र निवडले ते गडचिरोली. हा जिल्हाच मुळी 1982 चा, अरण्याचा व आदिवासींचा. तेंदूपानांच्या रिकाम्या गोदामात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू झाले.

पहिल्याच पावलाला ठेच लागली. आदिवासींत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आहे, असे त्यांनी शोधून काढले. परिणाम काय झाला? सरकारने संशोधन केंद्र काढण्याचे ठरविले, पण ते दूर पुण्यास! आणि लोक म्हणाले, ही आमची तक्रार नव्हतीच. संशोधन खरे असूनही वाया जाऊ शकते, हा धडा त्यांनी गाठीशी बांधला. तेव्हापासून विषय लोकांना विचारून घ्यावयाचा, असा क्रम पडला.

मग 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. शेकडा 92 स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. पूर्वी तपासणी झालेल्या मात्र शेकडा 8. इतकी वर्षे हे दुखणे मुकाट्याने सोसले जात होते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

मुले दगावत ती न्यूमोनियाने. श्वास मोजला तर तो ओळखता येतो. पण गावच्या सुइणीला मोठे आकडे मोजता येत नसत. तेव्हा मण्यांची एक चौकट केली गेली : दहा श्वास झाले की एक मणी सरकवावा, वाळूचे घड्याळ मिनिट सांगेल. अक्षरशत्रू बाईच्या हाती अशा रीतीने निदान आले.

त्याहून कठीण प्रश्न नवजातांचा. 39 गावांत, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्या घरी जाऊन बाळाला ऊब देत, तोलत, जंतुदोष दिसल्यास सुई देत. अशा हाती सुई द्यावी काय, या शंकेला आकड्यांनीच उत्तर दिले. 1993-95 मध्ये हजार जन्मांमागे 62 बाळे पहिल्या महिन्यात जात. 1997-98 मध्ये हे प्रमाण सुमारे 25 वर आले. शेजारच्या, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत मात्र ते घटले नाही. 1999 मध्ये हा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजातांसाठी गृहभेटींची शिफारस केली आणि 2011 पासून आपल्या देशात आशा कार्यकर्त्या अशा भेटी देऊ लागल्या.

गडचिरोली लांब आहे, असे कोणी म्हणेल. पण 2001 सालच्या ‘कोवळी पानगळ’ या बालमृत्यूंच्या अहवालात खेड्यांबरोबर शहरी झोपडवस्त्याही होत्या, आणि खरे मृत्यू सरकारी नोंदींहून कितीतरी अधिक निघाले. आमच्या उपनगरांत इमारतीची गच्ची आणि डोंगरावरची वस्ती समोरासमोर असतात. दोहोंची सरासरी काढली की आकडा सोज्वळ दिसतो, आणि डोंगरावरचे मूल त्या सरासरीत हरवते. सभागृहातून घरी परतताना त्या दिव्यांकडे पाहून आपण एवढे तरी स्वतःला विचारावे : तेथल्या मुलांची गणती कोणी केली आहे काय?