कॉलेजआधीच प्रायव्हेट पायलट लायसन्स काढावं का?

अमेरिकेत वैमानिक व्हायचं असेल तर अनेक विद्यार्थी एव्हिएशनच्या पदवीला प्रवेश घेतात. त्याआधीच एखाद्या फ्लाइंग स्कूलमधून प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलं तर?

फायदा काय?
१७ वर्षं पूर्ण झाली की हे लायसन्स मिळू शकतं. नियमानुसार किमान ४० तास उड्डाण लागतं. बहुतेकांना त्याहून जास्त तास लागतात. विमान चालवणं आपल्याला जमतं का, हे कॉलेजची मोठी फी भरण्याआधीच कळतं.

तोटा काय?
काही कॉलेजं बाहेरून आलेल्यांची पुन्हा चाचणी घेतात, उजळणीचे तास लावतात. मग वाचलेले पैसे तिथेच खर्च होतात.

खरी मेख कुठे आहे?
एअरलाइन पायलटच्या लायसन्ससाठी साधारणपणे १,५०० तास लागतात. एफएएची मान्यता असलेल्या कॉलेजची एव्हिएशन पदवी असेल तर १,००० तास पुरतात. मात्र त्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि कमर्शियल लायसन्सचं प्रशिक्षण कॉलेजमार्फतच व्हावं लागतं. प्रायव्हेट लायसन्सला ही अट नाही.

थोडक्यात, पहिली पायरी बाहेर चढली तरी चालते, पुढच्या दोन नाही. पैसे भरण्याआधी मेडिकल करून घ्या आणि बाहेरचं लायसन्स किती क्रेडिटला धरतात, हे कॉलेजकडून लेखी घ्या.