गाळ काढणारी यंत्रं आणि आमचे बाबा

गेले तीन शनिवार ब्लॉगवर काही टाकलं नाही, त्याचं कारण आमच्या मागच्या अंगणात आहे. अंगणात म्हणजे पाण्यात. आम्ही राहतो अॅरिझोनातल्या चँडलरमध्ये. इथे घर घेताना पोहण्याचा तलाव नको म्हटलं तर एजंट तुमच्याकडे संशयाने बघतो. आम्हाला जे घर परवडलं त्याच्या मागे तलाव होताच. पहिल्या उन्हाळ्यातच कळलं की तलाव 'असतो' वगैरे काही नाही, तो पाळावा लागतो, म्हशीसारखा. खायला घाला, धुवा, आजारी पडला की डॉक्टर बोलवा.

आमच्याकडे जुलैत पावसाळी हवा आली की धुळीची वादळं येतात. ५ जुलै २०११ चं फिनिक्सचं वादळ काहींनी टीव्हीवर पाहिलं असेल, शहरावर चालून येणारी तपकिरी भिंत. तेवढं मोठं रोज येत नाही, पण छोट्या वादळानंतरही सकाळी तलावाच्या तळाशी पिठासारखा गाळ बसलेला असतो. तो काढायला आमच्याकडे आधीच्या मालकाने ठेवलेलं जुनं यंत्र होतं. लांब नळी, तिच्या टोकाला चपटं प्लास्टिकचं तोंड. नळीचं दुसरं टोक तलावाच्या भिंतीतल्या भोकात बसवायचं. पंप चालू केला की भोकातून ओढ लागते आणि ते तोंड टकटक करत तळावर फिरतं.

यंदा आई-बाबा आलेत. बाबा सांगोल्याकडचे. विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेले, सत्तरीतही मुटका मारतात. एका रविवारी ते आणि माझी सहा वर्षांची मुलगी पाण्यात होते. मी नियमाप्रमाणे नळी काढून ठेवली होती, पंप मात्र चालूच होता. भिंतीतल्या त्या भोकावर स्प्रिंगचं झाकण असायला हवं, ते आमच्याकडे केव्हाच तुटलेलं. तलाव बघायला येणाऱ्या माणसाला मी विचारलं होतं, तो म्हणाला, काही होत नाही. मुलीने तळहात त्या भोकावर ठेवला आणि तो तिथेच बसला. ती किंचाळली. बाबांनी तिला खालून उचलून धरलं, हात ओढला नाही, आणि मला ओरडले, "मोटार बंद कर!" मी घराच्या बाजूला पंपाच्या पेटीकडे धावलो. पंधरा-वीस सेकंदं असतील. भोक पाण्याच्या पातळीखाली वीतभरच असल्याने तिचं तोंड पूर्ण वेळ वर होतं. हातावर दोन दिवस लाल कडं राहिलं, बाकी काही नाही. माझे पाय मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता शंभर वर्षं मागे गेलो, म्हणून आजचा हा लेख.

तलाव साफ करायची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे पाणी सोडून देणे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात (सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल, आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर!) एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथे पाणी जायची वाट आहे. रिकामं करा, घासा, भरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या सार्वजनिक तलावांतही बहुतेक हेच चालायचं. सोमवारी स्वच्छ पाणी, आठवडाअखेर नुसता काढा. हे बदललं ते गाळण्या आणि क्लोरीनमुळे. १९१० च्या सुमारास ब्राऊन विद्यापीठातल्या तलावात क्लोरीनयुक्त चुना घालून जंतू मारता येतात हे दाखवलं गेलं, आणि तेच पाणी आठवडेच्या आठवडे वापरता येऊ लागलं.

पण मंडळी, इथेच मेख आहे. पाणी बदललं नाही की गाळ साठतो. जंतू क्लोरीन मारेल, तरंगणारं गाळणी पकडेल, पण तळाशी बसलेल्या मातीचं काय? म्हणजे पाणी वाचवायला गेलो आणि त्यातून नवं काम तयार झालं. आमच्या धंद्यात हे रोज होतं. तलाव साफ करण्याच्या उपकरणाच्या पेटंटसाठी पिट्सबर्गच्या जॉन डेव्हिसनने १९१२ साली अर्ज केला, तो याच काळात, हा काही योगायोग नाही.

तरी पुढची कित्येक वर्षं खरं यंत्र म्हणजे माणूसच. लांब काठी, तिच्या टोकाला ब्रश. मी लहानपणी ज्या तलावात शिकलो तिथे रात्री तुरटी टाकायचे, गाळ खाली बसला की सकाळी एक काका काठीला लावलेलं चाकांचं तोंड तळावरून इतकं हळू फिरवायचे की बघताना झोप यावी. जोरात फिरवलं तर बसलेला गाळ उठतो आणि मेहनत पाण्यात, शब्दशः.

यंत्राची खरी गरज पडली दुसऱ्या महायुद्धानंतर, कॅलिफोर्नियात. त्यामागे एक मजेशीर माणूस आहे, कार्ल एकली. हा मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारा कलाकार, शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये कामाला. म्युझियमची भिंत खराब झाली होती म्हणून १९०७ च्या सुमारास त्याने नळीतून सिमेंट फवारायची बंदूक बनवली. पुढे त्याच पद्धतीने खड्ड्यात लोखंडी सळ्यांची जाळी बांधून त्यावर काँक्रीट फवारायचं, की हव्या त्या आकाराचा तलाव तयार! तलाव स्वस्त झाले, श्रीमंतांच्या बंगल्यातून मध्यमवर्गाच्या अंगणात आले. आणि मध्यमवर्गाकडे काठी फिरवायला काका नव्हते.

मग सुरू झाली गंमत. पहिल्या लोकप्रिय यंत्रांपैकी एक म्हणजे हॉवर्ड आर्नेसनचा पूल स्वीप. वर तरंगणारा गोळा, त्यातून खाली सोडलेल्या लांब नळ्या. नळ्यांतून जोरात पाणी सुटलं की त्या सापासारख्या वळवळतात आणि गाळ उडवतात, तो गाळणीने पकडायचा. (याच आर्नेसनने पुढे वेगवान बोटींसाठी बनवलेली ड्राइव्ह त्याहून जास्त गाजली. तलावातून थेट समुद्रात!) मग १९७० च्या दशकात मेल्विन हेन्किनचं पोलॅरिस आलं. तीन चाकं, मागे शेपटी, पाठीवर पिशवी. यातही दाबाचं पाणी, पण युक्ती अशी की पाण्याचा फवारा खालून वर पिशवीत मारायचा, तो जाताना पाचोळा सोबत ओढून नेतो. पानं जास्त पडत असतील तर ही जात आजही चांगली. मात्र बऱ्याच मॉडेलना वेगळा जादा पंप लागतो, म्हणजे विजेचं बिल.

आणि मग १९७४. माझा सगळ्यात आवडता माणूस, फर्डिनांड शोव्हिए. बेल्जियन काँगोतून १९५१ साली दक्षिण आफ्रिकेत आलेला हायड्रॉलिक्सचा इंजिनिअर. स्प्रिंग्ज नावाच्या गावी त्याने जे बनवलं ते म्हणजे क्रीपी क्रॉली. माझ्या तलावातलं जुनं यंत्र याच्याच कुळातलं. यात मोटार नाही, चाकं नाहीत, गिअर नाहीत. आत एक झडप, ती ओढीने उघडझाप करते. झडप मिटली की नळीतलं धावतं पाणी एकदम अडतं आणि धक्का बसतो. नळ झटकन बंद केला की पाइप 'धाड्' करतो ना, तेच. जगभरचे प्लंबर ज्या धक्क्याला शिव्या घालतात, त्याच धक्क्यावर या माणसाने यंत्र चालवलं! दर धक्क्याला इंचभर पुढे. कुठे जायचं याचा काही विचार नाही, नळी वळवेल तिकडे जायचं. पण पुरेसा वेळ दिला तर बहुतेक तळ होतो. कोड न लिहिता अल्गोरिदम. मी त्या टकटकीला तीन वर्षं कंटाळलो होतो, त्या रात्री पहिल्यांदा आदर वाटला.

पण त्याची ताकद म्हणजे पंपाची ओढ, आणि ती ओढ ज्या भोकातून येते ते भोक तलावात राहतंच.

या ओढीचा इतिहास वाईट आहे. २००२ साली व्हर्जिनियात ग्रॅमी बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टबमध्ये तळाच्या जाळीला ओढली गेली. आईला तिला सोडवता आलं नाही. दोन पुरुषांनी मिळून ओढलं तेव्हा जाळी तुटून ती सुटली, पण उशीर झाला होता. तिचे आजोबा म्हणजे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. डिसेंबर २००८ पासून अमेरिकेतल्या सार्वजनिक तलावांना अंग अडकणार नाही अशा जाळ्या सक्तीच्या झाल्या. सार्वजनिक तलावांना, बरं का. जुन्या घरांच्या अंगणात जाऊन कोणी तपासत नाही. आमचं घर त्यातलंच.

हे वाचून झाल्यावर उठून मुलीच्या खोलीत एक चक्कर मारून आलो.

आता यंत्रमानव. विजेचं यंत्र पाण्यात सोडायचं म्हटलं तर अंगावर काटा येतो, पण ही कल्पना इस्रायलमधल्या यिज्रेल नावाच्या किबुत्झने धंदा म्हणून उचलली. १९८३ साली त्यांनी मेट्रॉनिक्स कंपनी काढली, डॉल्फिन नावाची यंत्रं त्यांची. घरातली १२० व्होल्टची वीज बाहेरच्या पेटीत उतरवून २४-३० व्होल्टच्या आसपास करायची आणि तीच केबलने पाण्यात न्यायची. यंत्राच्या पोटात स्वतःचा छोटा पंप आणि स्वतःची गाळणी. खालून पाणी ओढायचं, गाळायचं, वरून सोडायचं. वर सुटणाऱ्या पाण्याच्या रेट्यानेच यंत्र तळाला चिकटतं, आणि भिंतीवर चढलं तरी त्याच रेट्याने चिकटून राहतं. सुंदर! तलावाच्या पंपाशी त्याचा काही संबंध नाही, भिंतीतल्या भोकाशी तर नाहीच.

रूम्बा २००२ साली आला आणि लोकांना वाटलं घरगुती यंत्रमानव आता सुरू झाले. पाण्याखाली ते कितीतरी आधीपासून राबत होते. रूम्बावाल्या आयरोबॉटनेही २००७ मध्ये वेरो नावाने तलावात उडी मारून पाहिली.

मग मी काय घेतलं? केबलवालं, मधल्या किमतीचं. बॅटरीवाली आता भरपूर निघालीत, केबलचा गुंता नाही, पण चार्ज संपला की ते तळाशी बसून राहतं आणि तुम्ही आकडा लावलेली काठी घेऊन गळ टाकत बसता. शिवाय बॅटरी काही वर्षांत म्हातारी होणार. फोनवरून चालवायचं अॅप मला नको होतं, दिवसभर तेच करतो. मी तीनच गोष्टी पाहिल्या. गाळणी बारीक जाळीची आहे का (आमची धूळ साध्या जाळीतून सरळ पार होते), गाळणीचा डबा वरून उघडतो का (खालून उघडणारा म्हणजे ओलं धूड उलटं करा आणि पाठ धरा), आणि केबलच्या जोडाला फिरकी आहे का. फिरकी नसेल तर दोन आठवड्यांत केबलची जिलबी होते.

वापरायचे नियमही थोडेच. विजेची पेटी काठापासून किमान साडेतीन मीटर लांब, गळती होताच वीज तोडणाऱ्या सॉकेटवर. पाण्यात माणूस असेल तर यंत्र नाही. काम झालं की बाहेर, सावलीत. डबा लगेच धुवायचा, वाळला की गाळ सिमेंटसारखा बसतो. आणि यंत्र आलं म्हणून क्लोरीन सुटलं असं नाही. पाणी हिरवं झालं तर यंत्र त्यात नुसतं फेऱ्या मारतं. वीज मात्र कमी खातं, आमचा मोठा पंप हजार वॉटच्या वर, हे दोनशेच्या आत, तेही दोन-अडीच तास.

जुनी नळी काढून टाकली. भिंतीतल्या भोकाला झाकण बसवून आतली व्हॉल्व्हही बंद केली. त्या माणसाला परत बोलावलं नाही, दुसरा शोधला. त्याच्याकडून तळाची जाळीही बदलून घेतली. मुलगी पाचव्या दिवशी पाण्यात उतरली, बाबांचा हात धरून.

पहिल्या दिवशी बाबा खुर्ची टाकून अडीच तास यंत्राकडे बघत बसले. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की विहिरीत उतरून पाट्या भरभरून गाळ वर द्यायचा, हे त्यांनी वीस वर्षं केलंय. यंत्र भिंतीवर चढून पाण्याच्या रेषेशी घासायला लागलं तेव्हा म्हणाले, "अरे, हा तर कडेची शेवाळही काढतो. ती आम्ही सोडून द्यायचो." काम संपल्यावर मी काही म्हणायच्या आत त्यांनी केबल धरून यंत्र पोहऱ्यासारखं वर शेंदलं. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय की केबलने उचलू नका. मी सांगितलं. "मग दोर दिलाय कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डबा उघडला, आत चांगला दोन ओंजळी काळसर गाळ. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळला. गावाकडे २०१७ नंतर सरकारच्या योजनेत तलावातला गाळ शेतात नेऊन टाकताना त्यांनी अशीच चिमूट चोळून बघितली असणार.

"माती चांगली आहे. कढीपत्त्याला घालू का?"

"बाबा, क्लोरीन आहे त्यात."

"चार दिवस उन्हात टाकतो मग," म्हणाले, आणि डबा घेऊन गेलेसुद्धा.