श्वासाचे पाटपाणी आणि एक मुका जीव

काटेवाडीच्या माणसाला पाटपाणी शिकवावे लागत नाही. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून पोटचारी आणि शेवटी उसाची सरी. आपल्या छातीतही असेच पाटपाणी आहे, फक्त तिथे हवा वाहते. श्वासनलिका फुटत फुटत बारीक होते आणि वायुकोशांपर्यंत पोहोचते. या वाटांचा नकाशा तयार होण्यात कुत्र्याचा मोठा वाटा आहे.

तेराव्या शतकात कैरोत राहणाऱ्या इब्न नफीस या हकिमांनी लिहून ठेवले की हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसात जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते. त्याच ग्रंथात ते सांगतात की शरीअत आणि स्वभावातली दया यांमुळे आपण शरीरे चिरण्यापासून दूर राहिलो.

लंडनच्या रॉबर्ट हूकने मात्र १६६४ मध्ये जिवंत कुत्र्याची छाती उघडून भात्याने त्याचा श्वास चालू ठेवला. नंतर त्याने रॉबर्ट बॉइलला कळवले की जनावराच्या यातना पाहून असा प्रयोग पुन्हा करायला मन धजणार नाही. तरीही १६६७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे तो पुन्हा झाला. या वेळी फुप्फुसांना बारीक छिद्रे पाडून त्यांतून हवेचा अखंड झोत सोडला. फुप्फुसे हलत नव्हती, तरी कुत्रा जिवंत राहिला. फुप्फुसांची नुसती हालचाल जगवत नाही, ताजी हवा जगवते, हे सिद्ध झाले.

पुढचा प्रश्न हवेच्या वाटांचा होता. १९६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या एवाल्ड वायबेल यांनी माणसाच्या फुप्फुसाचा सोपा आराखडा मांडला: प्रत्येक फांदीला दोन सारख्या फांद्या, अशा २३ पायऱ्या. कुत्र्याला हे माप लागू पडेना. अमेरिकेतल्या लव्हलेस संस्थेत मृत कुत्रा, माणूस, उंदीर आणि हॅमस्टर यांच्या श्वासमार्गांत रबर भरून साचे काढले, फांद्यांची लांबी, जाडी आणि कोन मोजले, आणि १९७६ मध्ये ती मोजमापे प्रसिद्ध केली. कुत्र्यात मुख्य फांदी कालव्यासारखी पुढे जाते आणि बाजूला बारीक चाऱ्या फुटतात. माणसात दोन फाटे त्या मानाने सारखे असतात. १९८२ मध्ये हॉर्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यासाठी वेगळा, असमान फांद्यांचा आराखडा दिला.

याचे महत्त्व शेतकऱ्याला लगेच कळेल. पाटाचे वळण बदलले की गाळ साचण्याची जागा बदलते. धूळ आणि श्वासावाटे घ्यायची औषधे कुत्र्यांवर तपासून माणसाविषयी अनुमान काढले जाई. वाटांचे मोजमाप नसेल तर मुक्या जिवाचे हाल तर होणारच, वर अनुमानही चुकणार. आता तीच मोजमापे संगणकात घालून हवेचा प्रवाह कितीही वेळा तपासता येतो, त्यासाठी दर वेळी नवी छाती उघडावी लागत नाही.

वर्गात फुप्फुसाचा धडा आला की मी फळ्यावर आधी पाटाचा नकाशा काढतो. मग इब्न नफीस यांची दया सांगतो, हूकची खंत सांगतो आणि नाव नसलेल्या त्या कुत्र्याचीही गोष्ट सांगतो.