घरच्या घरी स्प्रे बूथ

विमाने वा रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, मातीचे मुखवटे अशा वस्तूंना ब्रशऐवजी स्प्रेने रंग दिल्यास थर पातळ व एकसारखा बसतो आणि बारीक कोरीवकाम बुजत नाही. पेणच्या गणपती कारखान्यांतही मूर्तीच्या अंगाचा रंग स्प्रे गनने मारला जातो. डोळ्यांची आखणी तेवढी हाताने होते. मात्र कारखान्याची मोकळी शेड आणि शहरातील दोन खोल्यांचा फ्लॅट यांत मोठे अंतर आहे. वस्तूवर न बसलेला रंग धूळ होऊन घरभर पसरतो आणि त्यातील थिनरची वाफ घरातल्या सर्वांच्या श्वासात जाते. यावरचा उपाय म्हणजे स्प्रे बूथ. तो घरी तयार करणे अवघड नाही. पण त्याचे तत्त्व समजून घेतले नाही, तर केवळ एक देखणा खोका तयार होतो.

पेटी म्हणजेच बूथ, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः खरे काम करतात पंखा आणि हवा घराबाहेर नेणारा पाइप. फिल्टर रंगाचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. त्यामुळे साध्या फिल्टरमधून गाळलेली हवा पुन्हा खोलीतच सोडणारा बूथ कपाटे स्वच्छ ठेवील, फुफ्फुसे नाही.

पंखा किती ताकदीचा हवा, याचा हिशेब सोपा आहे. पेटीच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असावा, असा संकेत आहे. तोंड ५० सेंटिमीटर रुंद व ३६ सेंटिमीटर उंच धरल्यास क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर होते; म्हणजे तासाला सुमारे ३२५ घनमीटर हवा खेचली गेली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मात्र मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर व पाइप जोडताच तो बराच घसरतो. म्हणून छापील क्षमता गरजेच्या दुप्पट असलेला पंखा घ्यावा. स्वयंपाकघरातील साधा पात्यांचा एक्झॉस्ट फॅन अडथळा येताच दमतो. त्यापेक्षा पाइपात बसणारा ब्लोअर अधिक भरवशाचा. संगणकातील छोटे पंखे जोडून केलेले बूथ या कामाला सहसा अपुरे पडतात.

पेटीसाठी सहा मिलिमीटर प्लायवूड किंवा सनपॅक शीट पुरते. खोली ४० सेंटिमीटर ठेवावी. फिल्टर मागच्या भिंतीला चिकटवू नये. भिंतीपासून सात-आठ सेंटिमीटर पुढे, चौकटीत बसवावा. तो पाइपाच्या तोंडाला टेकला, तर हवा तेवढ्याच गोल भागातून जाते आणि कोपऱ्यांत रंगाचा धुरळा घुटमळत राहतो. मध्ये पोकळी ठेवली की ओढ संपूर्ण फिल्टरवर विभागली जाते. सहा इंची ॲल्युमिनियमचा घडीचा पाइप, चिमणीला लावतात तोच, चालतो. तो शक्य तितका आखूड असावा आणि ताणून सरळ करावा, कारण प्रत्येक वळण व सुरकुती हवेला अडवते. ब्लोअर खिडकीच्या टोकाला बसवला तर आणखी उत्तम. मग पाइपाला फट पडली तरी वाफ खोलीत न गळता आत ओढली जाते. वस्तू फिरवण्यासाठी केक सजवण्याची फिरती तबकडी ठेवावी. एलईडी दिवे पेटीच्या बाहेर, पारदर्शक ॲक्रिलिकच्या छतावर बसवावेत.

दिवे बाहेर ठेवण्याचे कारण केवळ सोय नव्हे. स्प्रेच्या डब्यांत बहुधा ब्युटेन-प्रोपेनसारखा ज्वलनशील वायू असतो आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले, तर एक ठिणगी पुरते. हे वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतात. म्हणून पंखा आधी सुरू करावा, काम संपल्यावरही दहा मिनिटे चालू ठेवावा आणि बटण पेटीपासून दूर असावे. कार्बन ब्रशची मोटर ठिणग्या उडवते; ती या कामी वर्ज्य. आदर्श म्हणजे मोटर हवेच्या प्रवाहाबाहेर असणारा ब्लोअर. देवघराचा दिवा व गॅसची शेगडी त्या वेळी बंद असावी, हे वेगळे सांगायला नको.

बाहेर सोडलेली हवा कोणाच्या तरी खिडकीशी जाते, याचा विचार फारसा केला जात नाही. इमारतीच्या डक्टमध्ये पाइप सोडणे सर्वांत वाईट, कारण तिथून वाफ वरच्या मजल्यांच्या न्हाणीघरांत शिरते. रस्त्याकडची वा मोकळ्या बाजूची खिडकी निवडावी आणि शेजाऱ्यांचे कपडे वाळत असताना काम करू नये. खोलीत हवा आत येण्यासाठी दाराला फट हवीच; सारे बंद करून बसल्यास पंखा नुसताच घरघरतो.

बूथ असला तरी मास्क सुटत नाही. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफेपुढे निरुपयोगी. सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क घ्यावा. हार्डनर मिसळून वापरायचे पॉलियुरेथेन रंग मात्र घरी फवारूच नयेत. त्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. नवशिक्यांनी पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

रंगाचे डबे उघडण्यापूर्वी, पंखा चालू करून पेटीच्या चारही कोपऱ्यांजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर सरळ आत ओढला गेला तर बूथ जमला. चाचणी होताच उदबत्ती पूर्ण विझवावी. पुढे हीच चाचणी मंदावलेली दिसली की फिल्टर बदलावा. जुना फिल्टर, विशेषतः लॅकरचा, पाण्यात भिजवूनच टाकावा. त्यावरची सुकी भुकटी चटकन पेट घेते.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात लॅकरवर दुधी छटा येते, तिला बूथचा इलाज नाही. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील पाणी त्यावर बसते. पंखा तर तीच दमट हवा ओढून आणतो. अशा दिवशी हळू उडणारा थिनर वापरावा, नाहीतर उघडीप पडेपर्यंत थांबावे.