बैठकीला विषय कोण देतं?

गेल्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी माझ्या हातात पडली. एका महिला गटाच्या ताईंनी लिहिलं होतं, "सर, आमच्या गटाला वर्षभराचे प्रबोधनाचे कार्यक्रम आखायचे आहेत. कोणते विषय ठेवावेत?" मी चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. बारा महिन्यांचे बारा विषय लिहून द्यायला मला पाच मिनिटंही लागली नसती. पण लिहायला बसलो आणि पेन थांबलं, कारण अशी यादी बाहेरून देण्याचा आपल्या भागाला मोठा इतिहास आहे. आज तोच सांगतो.

आपल्याकडे मुळात सभा भरवणं हेच अवघड होतं. निजामाच्या राज्यात 'गश्ती निशाण 53' नावाचा हुकूम होता. परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची सोय नव्हती. तिकडे पुण्यात पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज 1882 साली निघाला, सेवासदन 1909 साली. इकडे नांदेड-लातूरकडची माणसं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत वाचनालय, भजन, गणपतीचे मेळे यांच्या आडोशानं जमत होती. आणि बायकांचं जमणं म्हणजे हळदीकुंकू. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण त्यात विधवेला पाट नव्हता. आमच्या आत्या संक्रांतीच्या दिवशी स्वयंपाकघरातच बसून राहायच्या, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे.

स्वातंत्र्यानंतर 1952 साली सामूहिक विकास योजना आली. तिच्यासोबत ग्रामसेविका आल्या, गावोगाव महिला मंडळं निघाली. विषय वरून ठरून यायचे: शिवण, विणकाम, बालसंगोपन, सकस आहार, निर्धूर चूल. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. माझ्या आईनं मंडळात शिकून विणलेलं क्रोशाचं तोरण आमच्या दारावर वीस वर्षं होतं. पण 1972 चा दुष्काळ पडला आणि त्याच मंडळातल्या अर्ध्या बाया खडी फोडायला गेल्या. किती खडी फोडली की किती मजुरी, मोजमाप कोण घेतं, हजेरीपटावर नाव कसं बघायचं, हे त्यांना कुठल्याच कार्यक्रमात सांगितलेलं नव्हतं. ते त्या कामावर, दगडाच्या ढिगाशी बसून शिकल्या.

आता किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. जवळपास दहा हजार माणसं गेली. बहुतेक माळवदाखाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचा जड थर. तो थर उन्हाळ्यात घर थंड ठेवायचा, त्यानंच घात केला. 52 गावं नव्या जागी वसवायची ठरली. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला बोलायचंय ते दुसऱ्या, कमी बोलल्या गेलेल्या कामाबद्दल. सुमारे 1,300 गावांत घरं पडली नव्हती, पण तडकली होती. ती लोकांनी स्वतःच दुरुस्त आणि बळकट करायची, सरकारनं हप्त्याहप्त्यानं पैसे द्यायचे, अशी योजना झाली.

योजना कागदावर चांगली होती, पण इंजिनिअर थोडे, गावं फार. आणि गावकऱ्यांचा इंजिनिअरवर विश्वास नाही. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाचं काम आलं आणि गावातल्याच बाईला 'संवाद सहायक' म्हणून नेमायचं ठरलं. यामागे स्त्रीशिक्षणाचा फार उदात्त विचार होता असं मला वाटत नाही. दिवसभर गावात कोण असतं आणि घराघरात कोणाला जाता येतं, याचं ते साधं उत्तर होतं. पण त्यातून जे घडलं ते बघा.

बाया बैठकीला बसू लागल्या आणि विषय घरानंच दिले. माळवदावरची माती कमी केली तर पावसात गळेल का? भिंतीच्या आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवायला आरपार दगड कुठं बसवायचे? लाकडी खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपी पट्टी का मारायची? हप्ता कधी मिळतो, काम किती झाल्यावर मिळतो? या प्रश्नांना यंत्रशास्त्र म्हणा, नागरिकशास्त्र म्हणा. मागचा हप्ता कुठं अडला हे विचारायला बाई तालुक्याला गेली म्हणजे तिचा कार्यालयाचा पाठ झाला. कुठल्याही अभ्यासक्रमात तो 'बोलण्याचं कौशल्य' या नावानं घातला असता, तर ती आली नसती.

योगायोग असा की 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झालेली, म्हणजे भूकंपाच्या पाचच महिने आधी. पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना. जागा कायद्यानं दिल्या, पण उभं राहून प्रश्न विचारायची सवय या दुरुस्तीच्या बैठकांनी लावली, असं माझं मत आहे. 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बाया तिकडच्या बायांना सांगायला गेल्या. ज्या शिकायला बसल्या होत्या, त्या सातआठ वर्षांत शिकवायला निघाल्या. ब्राझीलचे पाउलो फ्रेरी यांनी प्रौढांना शिकवताना त्यांच्याच जगण्यातले शब्द घ्यावेत असा आग्रह धरला होता. आमच्या वर्गात मी ते अनेक वर्षं शिकवलं. किल्लारीच्या बायांना फ्रेरी माहीत असायचं कारण नव्हतं.

मला मात्र तो माहीत असून कळला नव्हता. निवृत्तीआधीची गोष्ट. लोहा तालुक्यातल्या एका गावात 8 मार्चला, सकाळी अकरा वाजता, 'भारतीय परंपरेतील स्त्री' या विषयावर मी व्याख्यान ठेवलं. तारीख मी ठरवली, वेळ मी ठरवली, विषय तर माझाच. ऐन ज्वारीची काढणी. सात जणी आल्या, त्यातल्या दोघी अंगणवाडीच्या, म्हणजे त्यांना यावंच लागलं. मी मैत्रेयी-गार्गी सांगितल्या. शेवटी मागं बसलेल्या एका बाईनं विचारलं, "सर, मालक जाऊन तीन वर्षं झाली. सातबाऱ्यावर माझं नाव यायला काय करावं लागतं?"

मला सांगता आलं नाही. डॉक्टरेट असलेला माणूस, वारस नोंद कशी करतात हे माहीत नाही! महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिलेला. विधवेचा हक्क तर 1956 च्या कायद्यातला. आणि तोवर त्या गावातल्या एकाही महिला कार्यक्रमात हा विषय आला नव्हता. हळदीकुंकवाला जिला पाट नव्हता, तिचा प्रश्न आमच्या पत्रिकेवर येणार कसा? पुढच्या महिन्यात गटानं तलाठ्याला बोलावलं. रात्री आठला, स्वयंपाक उरकल्यावर, मारुतीच्या पारावर. मी नांदेडहून मुद्दाम गेलो. जागा पुरली नाही.

आज 'उमेद'च्या गटांमध्ये दशसूत्री म्हणतात. पहिली पाच सूत्रं बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब यांची. पुढची पाच आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, शासकीय योजना आणि उपजीविका यांची. सूत्रं उत्तम आहेत. पण मी ज्या बैठका पाहिल्या त्यांत पाचव्या सूत्राशी येईपर्यंत नऊ वाजतात आणि कुणाचं तरी लेकरू रडायला लागतं. हिशेब महिन्यातून एका बैठकीत उरकून दुसरी बैठक फक्त बोलायला ठेवता आली तर बघा. तिथं निघालेला प्रश्न ग्रामसभेआधीच्या महिला सभेत लिहून घ्यायला लावा. ती सभा घेणं पंचायतीला कायद्यानं बंधनकारक आहे, आणि अनेक ठिकाणी ती नुसत्या सह्यांवर होते.

तर ताई, यादी मी पाठवत नाही. गावात ज्या बैठकीला येत नाहीत, ऊसतोडीला गेलेल्या, वस्तीवरच्या, घरातून सोडत नाहीत अशा, त्यांच्याकडे एक चक्कर मारा आणि काय अडलंय ते विचारा. वर्षाचे निम्मे विषय तिथंच निघतील. मला बोलवायचंच असेल तर ज्वारी निघाल्यावर बोलवा. आणि तलाठी आधी, मी नंतर.