भिशी, पण प्रोग्रामची

शेजारच्या कंपनीतल्या मित्राला आपला कोड देऊन बघा. दुसऱ्या दिवशी एचआरचं बोलावणं येणार, हे नक्की! म्हणूनच १९५५ सालची ही गोष्ट मला फार आवडते.

स्थळ लॉस एंजेलिस. लॉकहीड, डग्लस, नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन... विमानं बनवणाऱ्या कंपन्या, एकमेकींच्या पक्क्या स्पर्धक. पंखांवरचा ताण वगैरे आकडेमोडीसाठी ह्यांनी आयबीएमचं ७०१ भाड्याने घेतलं होतं. अशी मशिन्स एकूण बनली १९. भाडं महिन्याला दहा हजार डॉलरच्या वर आणि सोबत तयार प्रोग्राम म्हणाल तर फारसे नाहीतच. त्यामुळे जो तो आपापला असेम्ब्लर लिहायचा, साइन-कोसाइनची रूटीन्ससुद्धा आपापली. एकाच गावात तेच काम पाच-सहा ठिकाणी!

१९५४मध्ये आयबीएमने ७०४ जाहीर केलं. मशीन झकास, फ्लोटिंग पॉइंट थेट हार्डवेअरमध्ये. पण गोची अशी की ७०१चे प्रोग्राम त्यावर चालत नव्हते. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ऑगस्ट १९५५मध्ये सॅन्टा मोनिकाला रँड कॉर्पोरेशनमध्ये ७०४ घेणाऱ्या कंपन्यांचे प्रोग्रामर जमले आणि त्यांनी ग्रुप काढला. नाव 'शेअर'. कल्पना आपल्या भिशीसारखीच: प्रत्येकाने थोडं लिहायचं, सगळ्यांनी सगळं वापरायचं.

ऐकायला सोपं आहे हो. पण दुसऱ्याचं रूटीन चालायचं तर सगळ्यांचा असेम्ब्लर एकच हवा. कोणाचा? आता प्रोग्रामरला स्वतःचा असेम्ब्लर सोडायला सांगणं म्हणजे एखाद्या आजीला शेजारणीचा गोडा मसाला वापरायला सांगणं. तरीही ते जमलं. निवड झाली ती लॉस एंजेलिसच्या कोणाची नाही, खुद्द आयबीएमच्या असेम्ब्लरचीही नाही, तर पार दुसऱ्या टोकाच्या कनेक्टिकटमधल्या युनायटेड एअरक्राफ्टच्या रॉय नटने लिहिलेल्या असेम्ब्लरची. मला विचाराल तर शेअरचं खरं यश इथेच आहे. बाकी मग कार्डांचे गठ्ठे इकडून तिकडे पाठवणं.

१९५६मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन ह्यांनी मिळून ७०४साठी एक सिस्टिम बनवली. एक जॉब संपला की पुढचा आपोआप सुरू. ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास सांगताना बरेच जण इथूनच सुरुवात करतात. म्हणजे एक मोटारवाली कंपनी, एक विमानवाली. कॉम्प्युटर विकणारं कोणीच नाही!

बरं, ही मंडळी काय संत होती का? अजिबात नाही. तेव्हा प्रोग्राम ही विकायची वस्तू आहे असं फारसं कोणाला वाटतच नव्हतं. विकायची होती विमानं. इंटिग्रेशनचं रूटीन शेजाऱ्याला दिलं तर बिघडलं कुठे? विमानाचं डिझाइन मात्र कोणी कोणाला दिलं नाही.

वस्तू म्हणून भाव यायला वेळ लागला नाही. शेअरचा पहिल्या दिवसांतला सेक्रेटरी फ्लेचर जोन्स आणि तोच रॉय नट, ह्या दोघांनी १९५९मध्ये कंपनी काढली: कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन. पहिलं काम मिळालं हनीवेलसाठी कंपायलर लिहायचं. अर्थातच पैसे घेऊन.