शामाचा आवाज आणि दोन पिंजरे

रानात गेलेल्या माणसाला पक्षी आधी ऐकू येतो, दिसतो मागाहून. पुष्कळदा तर दिसतच नाही. आपल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या दाट झाडीत याचा अनुभव कुणालाही येईल. गळ्यात हजारो रुपयांची दुर्बीण असते आणि समोर नुसती पाने हलत असतात. अशा वेळी पक्षी ओळखायचा तो कानानेच.

आपल्या पूर्वजांनी ही ओळख भाषेत साठवून ठेवली. पावसाच्या तोंडावर पावशा ओरडू लागला की मराठी शेतकऱ्याला तो 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणताना ऐकू येतो. हिंदी मुलखात तोच पक्षी 'पी कहाँ' असे विचारतो. उन्हाळ्याने कावलेल्या इंग्रज साहेबाला त्याच आवाजात 'ब्रेन फीवर' ऐकू आले. पक्षी एक, गळा एक, पण ज्याच्या मनात जे होते ते त्याने ऐकले. 'टुक टुक' करीत जणू भांडे ठोकणारा तो तांबट आणि 'टिटिव' करणारी ती टिटवी. या नावांनाच मी आपल्याकडचे पहिले ध्वनिमुद्रण मानतो. त्याला ना यंत्र लागले, ना वीज.

पण सगळेच आवाज शब्दांत मावत नाहीत. शामाचे गाणे घ्या. हा आपल्या अंगणातल्या दयाळाचा रानातला भाऊबंद. नराचे डोके आणि पाठ काळीभोर, पोट तांबूस, कंबर पांढरी आणि शेपटी लांबलचक. शास्त्रीय नाव कॉप्सिकस मलबारिकस, म्हणजे नावातच मलबार. पश्चिम घाटापासून थेट इंडोनेशियापर्यंत ही जात पसरलेली आहे. हा पक्षी इतक्या तऱ्हांनी शीळ घालतो, मध्येच इतरांच्या नकला करतो, की त्याला 'पेर्ते व्हा'सारखे दोन शब्दांत बांधणे शक्यच नाही.

आणि गंमत अशी की जगात ज्ञात असलेले पक्षिगीताचे सर्वांत जुने ध्वनिमुद्रण नेमके शामाचेच आहे!

साल १८८९. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहर. लुडविग कोख नावाचा आठ वर्षांचा मुलगा. घरात पाळीव प्राणी-पक्ष्यांचा गोतावळा आणि त्यातच पिंजऱ्यात एक शामा. वडिलांनी आणलेल्या एडिसनच्या फोनोग्राफवर लुडविगने मेणाच्या नळकांड्यावर त्या शामाचे गाणे टिपले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाने पडदा थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणावर चर पाडत जायची आणि दोनेक मिनिटांत नळकांडे संपायचे. त्यामुळे गाणारा कर्ण्याच्या अगदी जवळ हवा. रानातला पक्षी कशाला येतो कर्ण्याजवळ? म्हणून पिंजऱ्यातला पक्षी.

इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या माझ्यासारख्या कारकुनाला ही नोंद वाचल्यापासून एक विचार सोडत नाही. गाणे आवडले म्हणून माणसाने पक्षी पिंजऱ्यात घातला, हा एक पिंजरा. मग त्याचे गाणे यंत्रात घातले, हा दुसरा. पहिल्यात पक्ष्याचे आयुष्य जाते. दुसऱ्यात त्याचा केसही वाकडा होत नाही. तेव्हा ध्वनिमुद्रणाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे पहिल्या पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्याकडे जाणारी वाट, असे म्हणायला हरकत नसावी.

ही वाट काही सरळ नव्हती. १९०० मध्ये चेरी कीर्टन या इंग्रज छायाचित्रकाराने मोकळ्या पक्ष्यांचा आवाज मेणावर टिपला. पण १९१० मध्ये ज्या नाइटिंगेलची तबकडी बाजारात गाजली तो कार्ल राइख या जर्मन गृहस्थाच्या पिंजऱ्यातलाच पक्षी होता. १९२४ मध्ये रेस्पिगी या इटालियन संगीतकाराने तर आपल्या वाद्यवृंदाच्या रचनेत नाइटिंगेलची तबकडी वाजवण्याची सूचनाच लिहून ठेवली. पक्ष्याचा आवाज पक्ष्याविना सभागृहात पोचला तो असा.

खरा पालट झाला बोलपटांमुळे. मे १९२९ मध्ये अमेरिकेत इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर अॅलन आणि पीटर पॉल केलॉग यांनी बोलपटाची यंत्रसामग्री बागेत नेऊन रानपाखरांचे आवाज फिल्मवर घेतले. पण अडचण अशी की मायक्रोफोन पक्ष्याबरोबर सगळेच ऐकतो. वारा, मोटारी, माणसांचा खोकला, काहीच सुटत नाही. त्यावर १९३२ मध्ये तोडगा निघाला तो खोलगट तबकाचा. आरसा जसा ऊन एका बिंदूवर आणतो तसे हे तबक समोरून आलेला आवाज मधोमध ठेवलेल्या मायक्रोफोनवर गोळा करते. आजही हौशी मंडळी अर्धा-पाऊण मीटर व्यासाचे असे तबक वापरतात. मात्र याला एक मर्यादा आहे. हजार हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ३४ सेंटिमीटर लांब असते. लहर तबकापेक्षा मोठी झाली की तबक तिला नीट पकडत नाही. म्हणून शामाची शीळ छान येते, पण आपल्या कुकुडकोंब्याचा खोल 'हूप हूप' तितकासा वाढत नाही.

हेच तबक घेऊन अॅलन यांची तुकडी १९३५ मध्ये लुइझियानाच्या दलदलीच्या जंगलात गेली. यंत्रे इतकी जड की ती खेचरांच्या गाडीतून न्यावी लागली. तिथे त्यांनी हस्तिदंती चोचीच्या मोठ्या सुताराचा आवाज टिपला. पुढे ते जंगल तोडले गेले. १९४४ नंतर त्या पक्ष्याचे सर्वमान्य असे दर्शन झालेले नाही. खेळण्यातली पिपाणी वाजावी तसा तो आवाज आज कुणालाही ऐकता येतो. तो काढणारा गळा मात्र कुठे सापडत नाही.

इकडे लुडविग कोख मोठा झाला, संगीतात रमला आणि पुन्हा पक्ष्यांच्या आवाजाकडे वळला. पण तो ज्यू होता. १९३६ मध्ये त्याला हिटलरच्या जर्मनीतून इंग्लंडला आसरा घ्यावा लागला. त्याच वर्षी मॅक्स निकोल्सन या पक्षितज्ज्ञासोबत त्याने रानपक्ष्यांच्या गीतांचे पुस्तक तबकड्यांसह काढले. पुढे बीबीसीवरून त्याचा जर्मन धाटणीचा इंग्रजी उच्चार घरोघरी ओळखीचा झाला. १९७४ मध्ये तो वारला. आठव्या वर्षी पिंजऱ्यातल्या पक्ष्यापुढे कर्णा धरणाऱ्या या माणसाने उरलेले आयुष्य लांबच लांब तारा ओढून मोकळ्या पक्ष्यांजवळ मायक्रोफोन नेण्यात घालवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली, मग खांद्यावर वागवता येणारी नाग्रासारखी यंत्रे, मग कॅसेट. आवाजाचे चित्र काढणारा स्पेक्ट्रोग्राफही आला. त्यात आडवा वेळ, उभी पट्टी, आणि प्रत्येक शिळेची वेगळी रेघ. ज्याला सूर कळत नाही त्यालाही दोन आवाजांतला फरक डोळ्यांनी दिसू लागला. २००५ मध्ये झेनो-कॅन्टो हा सर्वांना खुला असलेला आवाजांचा साठा सुरू झाला. २०२१ मध्ये कॉर्नेलच्याच मर्लिन या अॅपला आवाजावरून पक्षी ओळखता येऊ लागले आणि ओळख थेट खिशात आली. तेही मुळात आवाजाचे चित्रच वाचते. पण शामा किंवा भृंगराज दुसऱ्याची नक्कल करू लागला की अॅप फसते. तेव्हा अॅपने सांगितलेले नाव म्हणजे साक्षीदाराची जबानी समजावी, न्यायाधीशाचा निकाल नव्हे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी खर्चाला घाबरू नये. खिशात मावणारा एखादा रेकॉर्डर, त्यावर वारा अडवणारे केसाळ टोपडे आणि कानाला हेडफोन एवढे पुरते. मुद्रण वाव्ह पद्धतीत करावे. एमपीथ्रीत जागा वाचते, पण आवाजातले बारकावे जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा आणि काय दिसले ते बोलून ठेवावे. आमच्या कचेरीत आवक क्रमांक नसलेला कागद जसा असून नसल्यासारखा, तसेच नोंद नसलेले मुद्रण.

आता थोडे माझ्याविषयी. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये वाळपईच्या पलीकडे मावशीच्या गावी गेलो होतो. कुळागराच्या वरच्या कडेला, बांबूच्या बेटात शामा गात होता, पण दिसत नव्हता. सोबतच्या मित्राला फोटो हवा होता. मी मोबाइलवर शामाचे गाणे लावले. दोन मिनिटांत नर समोर हजर! शेपटी उडवीत, पंख पाडून, तो त्या अदृश्य शत्रूवर गाऊ लागला. फांदी बदलायचा, पुन्हा यायचा, पुन्हा गायचा. आम्ही चांगली वीस मिनिटे ते चालू ठेवले. फोटो सुरेख आले.

मावशी पाटाचे पाणी वळवत होती. ती वर आली आणि म्हणाली, "ताका कित्याक त्रास दिता रे?" मी तिला समजावू लागलो की आम्ही त्याला हातही लावत नाही. ती म्हणाली की आपल्या दारात येऊन कुणी दिवसभर भांडण उकरून काढले, तर आपल्याला चुलीकडे बघायला सुचेल का? तेव्हा माझ्या लक्षात आले. एप्रिल म्हणजे शामाच्या विणीचा काळ. जवळच एखाद्या झाडाच्या ढोलीत घरटे असणार. आपली हद्द राखण्यासाठी त्याने घरचे काम टाकले होते. ज्या पिंजऱ्यात पक्ष्याचा केसही वाकडा होत नाही असे मी समजत होतो, त्याचे दार मी उलटे उघडले होते. साठवलेला आवाज त्याच्यावरच सोडला होता.

पहिला पिंजराही संपलेला नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. पण इंडोनेशियात गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धा लागतात आणि शामा त्यातला मानकरी. त्यापायी कित्येक रानांतून तो दिसेनासा झाला. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील साइट्स परिषदेने त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणले. गाणे गोड असणे हाच त्याचा गुन्हा.

तेव्हापासून मी रानात आवाज वाजवत नाही, फक्त घेतो. गेल्या खेपेला त्याच बांबूच्या बेटाजवळ तीन मिनिटांचे मुद्रण केले, शेवटी तारीख-वेळ बोललो आणि 'शामा, नर' अशी नोंद केली. घरी येऊन मावशीच्या कानांना हेडफोन लावले. डोळे मिटून तिने पूर्ण ऐकले आणि म्हणाली, "मागे कुकुडकोंबा आहे, तो नाही लिहिलास?"

मी पुन्हा ऐकले. अगदी खोल, लांबवर, होता खरा. मी नोंद दुरुस्त केली.